पिट्युटरीच्या जागी बदली कामगार

मला शीहान सिंड्रोम आहे. बाळंतपणात अतोनात रक्त गेलं आणि त्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा पुढचा भाग मेला. हे निदान व्हायला मुलगा शाळेत जाण्याएवढा व्हावा लागला. तेव्हापासून शरीराला लागणारी संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, मी गोळ्यांतून घेते. खाली जे लिहिलंय ती डॉक्टरकी नव्हे. माझे डोस वाचून कुणी स्वतःच्या गोळ्यांत फेरफार करू नयेत, एवढं आधीच सांगून टाकते.

१. तक्रारी चार, डॉक्टर चार, कारण एकच असू शकतं

वार अडकली होती. अंगावरून जायचं थांबेना. तालुक्याच्या गावातलं लहानसं प्रसूतिगृह, रक्ताच्या पिशव्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायच्या होत्या. त्या येईपर्यंत काय झालं ते मला आठवत नाही. आई सांगते, ओठ पांढरेफटक पडले होते. पण मी वाचले, बाळ सुखरूप होतं. देवाला नारळ फोडला आणि घरच्यांच्या लेखी विषय संपला.

मग शरीरातलं एकेक बंद पडत गेलं. अंगावर दूध आलंच नाही. पाळी परत आली नाही, आत्या म्हणाली, “बरं झालं की गं, सुटलीस!” काखेतले केस गेले ते पुन्हा उगवले नाहीत. भुवया टोकाला विरळ झाल्या. भर मे महिन्यात मला गोधडी लागायची. खाली वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. जेवणावरची वासना उडाली. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ झाले, फिकटपणासाठी लोहाच्या गोळ्या झाल्या, केसांसाठी त्वचेचे डॉक्टर झाले, आणि ‘हिचं कशातच मन लागत नाही’ म्हणून मनाच्या डॉक्टरांकडेही नेऊन झालं. प्रत्येकाने आपापल्या हद्दीतलं नीट तपासलं. सगळे कागद एका टेबलावर मात्र कधी आले नाहीत.

ते आले असते तर दिसलं असतं, की माझी थायरॉइड धड आहे, मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी धड आहेत, बीजांडकोशही धड आहेत. त्यांना ‘चालू करा’ असं सांगणारं वर कुणी उरलं नव्हतं. पिट्युटरीचा पुढचा भाग मुख्यतः सहा संप्रेरकं सोडतो. एक थायरॉइडला हलवतं, एक ॲड्रिनलला, दोन बीजांडकोशांना, एक वाढीचं आणि एक दुधाचं. माझ्याकडे या सहांतलं एकही धड काम करत नव्हतं.

२. ही ग्रंथी बाळंतपणातच का दगावते, ते एकदा समजून घ्यावं

नाकाच्या मुळाच्या सरळ मागे, कवटीच्या तळाच्या हाडात एक खोलगट जागा आहे. तिच्यात पिट्युटरी बसते. आकार वाटाण्याएवढा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तिच्या वर, एका नाजूक देठाने जोडलेला, मेंदूचा हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. तोही चारेक ग्रॅमचाच. पिट्युटरीच्या पुढच्या भागाला रक्त येतं ते मुख्यतः या देठावरून उतरणाऱ्या बारीक शिरांतून, हायपोथॅलॅमसमधून फिरून आलेलं. या शिरांत दाब फार कमी असतो.

गरोदरपणात पिट्युटरी फुगते, कारण दुधाची तयारी करणाऱ्या पेशी वाढतात. म्हणजे भूक वाढलेली आणि पुरवठा तोच, तोही कमी दाबाचा. अशात रक्तस्रावाने अंगातला रक्तदाब कोसळला की सर्वांत आधी उपाशी राहते ती हीच. हॅरॉल्ड शीहान हे ग्लासगोच्या प्रसूती रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ. बाळंतपणानंतर दगावलेल्या बायकांची शवविच्छेदनं करताना त्यांना ही मेलेली पिट्युटरी वारंवार दिसली आणि १९३७ मध्ये त्यांनी ते मांडलं. श्रीमंत देशांत हा आजार आता विरळा. आपल्याकडे नाही. काश्मीर खोऱ्यात झालेल्या एका पाहणीत, मुलं झालेल्या बायकांपैकी सुमारे ३ टक्के बायकांत तो आढळला आणि त्यांतल्या बहुतेकींचं बाळंतपण घरीच झालेलं होतं. माझ्यासारख्या आणखी किती जणी ‘बाळंतपणापासून अंगच धरलं नाही’ एवढ्या एका वाक्यावर आयुष्य काढत असतील, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

३. दूध येत नाही, याचा दोष बाळंतिणीच्या खाण्याला देऊ नये

आळिवाची खीर झाली, शतावरी झाली, डिंकाचे लाडू झाले, मेथी झाली, शेपू झाला. शेजारणीने दृष्ट काढली. बाळाला पाजायला घेताना मला कापरं भरायचं, कारण खोलीतल्या सगळ्या नजरा माझ्या छातीवर असायच्या. ‘हिला आवडच नाही पाजायची,’ हे वाक्य मी भिंतीपलीकडून ऐकलंय.

दुधाचं संप्रेरक म्हणजे प्रोलॅक्टिन, आणि त्याची गंमत अशी की मेंदू त्याला ‘सोड’ म्हणत नाही, ‘थांब’ म्हणतो. पिट्युटरीच्या बाकी संप्रेरकांना वरून हुकूम लागतो. प्रोलॅक्टिनवर हायपोथॅलॅमस डोपामिनचा लगाम सतत ताणून धरतो आणि बाळ पिऊ लागलं की तो सैल करतो. माझ्या बाबतीत लगाम सैल होऊन उपयोग नव्हता. ज्या पेशींनी प्रोलॅक्टिन बनवायचं त्याच मेल्या होत्या. खिरीने त्या परत येणार नव्हत्या.

भरपूर रक्तस्राव झालेल्या बाईला दूध अजिबातच आलं नाही, तर ती शीहानची सर्वांत पहिली खूण असू शकते. दूध न येण्याची इतरही कारणं असतात. पण रक्त फार गेलेलं असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची असते. आमच्याकडे ती फक्त बायकांत बोलली गेली.

४. रिपोर्टवरचं ‘नॉर्मल’ एकटं वाचू नये

निदान झालं ते जुलाब-उलट्यांमुळे. साधीच साथ होती, घरातले बाकीचे दोन दिवसांत बरे झाले. मी ग्लानीत गेले. जिल्ह्याच्या रुग्णालयात रक्तातलं सोडियम ११६ निघालं. ते १३५च्या खाली जाऊ नये. सलाइन लावून झाल्यावर तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, “बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? बाळाला अंगावरचं पाजलं होतं का?” इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला.

पिशवीतल्या जुन्या रिपोर्टांत थायरॉइडची तपासणी होती. टीएसएच नॉर्मल. त्यामुळे ‘थायरॉइडचं काही नाही’ असा शिक्का कधीच बसलेला होता. टीएसएच हे थायरॉइडचं संप्रेरक नव्हेच. ती पिट्युटरीने थायरॉइडला दिलेली हाक आहे. रक्तातलं थायरॉइड संप्रेरक, टी-४, थोडं जरी उतरलं तरी निरोगी पिट्युटरीची हाक कितीतरी पटींनी वाढते. म्हणून बहुतेकांना टीएसएच एवढी एकच तपासणी पुरते. त्या डॉक्टरांनी टी-४ मागवला, तो तळाला होता. टी-४ इतका खाली असताना टीएसएच वीसवर, पन्नासवर जायला हवा होता. तो ‘नॉर्मल’ होता, म्हणजेच हाक मारणाऱ्याचा घसा गेला होता. ॲड्रिनल बनवते त्या कॉर्टिसॉलचंही तेच. सकाळी आठला, म्हणजे ते सर्वांत जास्त असायला हवं तेव्हा, माझं जवळपास नव्हतंच. एमआरआयमध्ये पिट्युटरीची जागा रिकामी दिसली.

आजही माझ्या रिपोर्टवर टीएसएच बघून ‘छान आहे की’ म्हणणारे भेटतात. माझा थायरॉइडचा डोस फक्त टी-४ बघून ठरतो. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे जावं लागलं की हे मी फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून नेते, उद्धट वाटलं तरी.

५. गोळ्यांचाही क्रम असतो

हे मला नंतर कळलं आणि कळल्यावर घाम फुटला. मधल्या काळात कुणीतरी माझा सुजट चेहरा बघून थायरॉइडची गोळी सुरू केली होती. आठवड्याभरात मी इतकी ढासळले की ती मीच बंद केली. थायरॉइड संप्रेरकाने शरीराचा सगळा व्यवहार वेगाने चालू लागतो, त्यात कॉर्टिसॉलही भराभर संपतं. आधीच ते नाममात्र असेल तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. म्हणून आधी कॉर्टिसॉल भरून काढायचं, मग थायरॉइड. रुग्णालयात तसंच केलं. हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषधाच्या रूपातल्या कॉर्टिसॉलचं, इंजेक्शन दिल्यावर काही तासांत मी उठून बसले आणि भूक लागली म्हणाले. आईला तो चमत्कार वाटला. मला स्वतःचाच राग आला, की इतकी वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते.

६. ‘ग्रंथींची राणी’सुद्धा कुणाचीतरी नोकर आहे

बरी झाल्यावर मी वाचायला लागले. शिक्षिका आहे, खोड जात नाही. जुन्या पुस्तकांत पिट्युटरीला सर्व ग्रंथींची राणी म्हटलेलं असतं. ते अर्धंच खरं. राणीला हुकूम मेंदूकडून येतो, हे पक्कं करण्यात जेफ्री हॅरिस या इंग्रज शास्त्रज्ञाचं आयुष्य गेलं. त्याने देठ कापून पाहिला. रक्तवाहिन्या पुन्हा जुळल्या की ग्रंथी कामाला लागायची. मध्ये आडकाठी घालून त्या जुळू दिल्या नाहीत तर नाही. १९५२ मध्ये त्याने आणि डोरा जेकबसन यांनी पिट्युटरी काढलेल्या उंदरिणींत दुसरी पिट्युटरी बसवली. ती हायपोथॅलॅमसच्या खाली बसवली तर उंदरिणींची चक्रं सुरू झाली, काही गाभणसुद्धा राहिल्या. दुसरीकडे बसवली तर ग्रंथी जिवंत राहूनही गप्पच.

म्हणजे त्या शिरांतून वरून खाली काहीतरी रसायन येत होतं. ते शोधायला रॉजर गिमाँ आणि अँड्र्यू शॅली यांनी कत्तलखान्यांतून लाखो मेंढ्यांचे आणि डुकरांचे हायपोथॅलॅमस गोळा केले. दोघे आधी एकाच प्रयोगशाळेत होते, मग फुटले आणि वर्षानुवर्षं एकमेकांशी शर्यत लावून बसले. १९६९ मध्ये पहिलं रसायन उलगडलं: थायरॉइडच्या साखळीतला सर्वांत वरचा हुकूम, अवघ्या तीन अमिनो आम्लांचा. १९७७ चं नोबेल दोघांना मिळालं, आणि त्याच वर्षी तेच पारितोषिक रोझलिन यॅलो यांनाही. रक्तातली इतकी सूक्ष्म संप्रेरकं मोजण्याची रीत त्यांनी सॉलोमन बर्सन यांच्याबरोबर शोधली होती. बर्सन तोवर वारले होते. माझ्या फाइलीतल्या आकड्यांची मूळ वाट तिथून येते.

मला सर्वांत आवडलेला प्रयोग मात्र अर्न्स्ट नोबिल यांचा, १९७८ मधला. त्यांनी हायपोथॅलॅमस निकामी केलेल्या माकडिणींना पाळीच्या साखळीतलं वरचं संप्रेरक दिलं. सतत धार लावली तर पिट्युटरी ढिम्म. तेच तासाला एकदा, थोडा वेळ, असं दिलं तर ती कामाला लागली. मेंदू किती देतो याइतकंच तो कसा थांबून थांबून देतो, यालाही अर्थ आहे. गोळी हे करू शकत नाही. पोटात गेली की विरघळते आणि पसरते.

७. बदली कामगाराने घड्याळ सोडायचं नसतं

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत कितीतरी वर्षं बदली कामगार होते. रोज सकाळी फाटकाशी जायचं. कुणी गैरहजर असेल तर त्याच्या मागावर उभं राहायचं. मागाचा मालक वेगळा, त्याच्या सवयी वेगळ्या, पण कापड त्याच मापाचं निघालं पाहिजे. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले. मी त्यांना माझा आजार समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे तू बदलीवर आहेस.” इतकं नेमकं मला डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

कॉर्टिसॉलचं निरोगी माणसातलं वेळापत्रक असं: मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वांत कमी, पहाटे दोन-तीननंतर चढू लागतं आणि जाग येईपर्यंत शिगेला पोहोचतं. मेंदूतलं घड्याळ उजेड-अंधारावर चालतं आणि जाग येण्याआधीच शरीराला तयार करून ठेवतं. मी झोपेत गोळी घेऊ शकत नाही. म्हणून पहाटे गजर लावून, उशाशी ठेवलेली १० मिलिग्रॅमची गोळी पाण्याबरोबर घेते आणि पुन्हा अर्धा तास पडते. ती रक्तात चढल्यावरच उठते. दुपारी ५ मिलिग्रॅम. संध्याकाळनंतर नाही, नाहीतर रात्रभर डोळा लागत नाही. थायरॉइडची गोळी त्या मानाने सोशिक आहे. तिचा असर अर्ध्यावर यायला आठवडा लागतो, एखाद्या दिवशी राहिली तर आकाश कोसळत नाही. कॉर्टिसॉल दीडेक तासात अर्धं होतं. दुपारची गोळी राहिली, की पाचव्या तासाला फळ्यावर लिहिताना हात जड होतो.

हे झालं रोजचं. खरी कसोटी अनपेक्षित गोष्टींची. निरोगी माणसाला ताप आला, हाड मोडलं, ऑपरेशन झालं, की मेंदू न विचारता कॉर्टिसॉल कित्येक पटींनी वाढवतो. माझ्यासाठी हा निर्णय मला घ्यावा लागतो, तोही तापाने डोकं जड झालेलं असताना. मला घालून दिलेला नियम: ताप शंभरच्या वर गेला की डोस दुप्पट. उलटीत गोळी पडली तर पुन्हा घ्यायची. तीही पडली तर वाट न बघता इंजेक्शन. हायड्रोकॉर्टिसोनची गोळी आमच्या गावच्या मेडिकलवाल्याला मागवून ठेवावी लागते, पण इंजेक्शन बहुतेक दवाखान्यांत असतं, कारण ते दम्याच्या पेशंटनाही देतात. हे माहीत असणं मोलाचं आहे. नवऱ्याला आणि मुलाला मी ते टोचायला शिकवून घेतलंय. मुलगा संत्र्यावर सराव करून शिकला आणि ते संत्रं नंतर कुणीच खाल्लं नाही.

वडील गेले त्या दिवशी मला वेगळंच समजलं. घरात माणसं जमली, सगळे रडत होते आणि मला रडू येईना. हातपाय गार पडले, भिंतीला टेकून बसले ती उठताच येईना. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय. धक्का होताच. पण मोठ्या दुःखातही मेंदू अंगाला तगवायला कॉर्टिसॉल सोडतो, आणि तो हात माझ्या पाठीवर नव्हता. नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी जादा गोळी द्यायला सांगितली. तासाभराने मी उठले, वडिलांच्या पायावर डोकं ठेवलं आणि मोकळी झाले. शोकालासुद्धा अंगात काही असावं लागतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

अंगाला जादा ताण नको, म्हणून उपवासही मी सोडलेत. नवरात्रात सासूबाईंनी पहिल्या वर्षी तोंड वाकडं केलं, आता त्याच शेजारणींना समजावतात.

८. काय उरलंय तेही पाहावं

ॲड्रिनल ग्रंथीच जळून जाते त्या आजारात कातडी काळवंडते आणि पोटॅशियम वाढतं. माझं तसं होत नाही. अंगातलं मीठ-पाणी राखणारं अल्डोस्टेरॉन बहुतांशी मूत्रपिंडाच्या इशाऱ्यावर चालतं, पिट्युटरीच्या नाही. ते शाबूत आहे. पिट्युटरीचा मागचा भाग म्हणजे खरं तर हायपोथॅलॅमसच्याच चेतातंतूंची टोकं. त्याला वेगळ्या धमनीतून रक्त मिळतं, म्हणून शीहानमध्ये तो बहुधा वाचतो. तहान आणि लघवी सांभाळणारं संप्रेरक तिथून येतं.

९. ‘स्टेरॉइड’ या शब्दाने घाबरणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्यात

‘स्टेरॉइड घेतेस? हाडं पोखरतील, बंद कर!’ हे मला लग्नाकार्यात हमखास ऐकावं लागतं. शरीर जेवढं स्वतः बनवतं तेवढंच भरून काढणं वेगळं आणि आजार दाबायला त्याच्या कित्येक पट घेणं वेगळं. माझं पहिलं आहे. जास्त झालं तर हाडं खरंच पोखरतात, म्हणूनच मी मिलिग्रॅम मोजते.

पण भीती बाळगावी अशी एक गोष्ट आहे. सांधेदुखीवर, दम्यावर बिनलेबलाच्या पुड्या देणारे गावोगाव आहेत, आणि अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. गुडघे दोन दिवसांत मोकळे होतात, चेहरा भरतो, लोक म्हणतात गुण आला. इकडे मेंदू रक्त तपासत असतो. कॉर्टिसॉलसारखं काही भरपूर आहे असं दिसलं की हायपोथॅलॅमस गप्प, पिट्युटरी गप्प, आणि हुकूमच येत नाही म्हणून ॲड्रिनल आक्रसते. मग पुड्या संपतात किंवा तो वैदू गाव सोडतो, आणि माणूस माझ्यासारखाच ग्लानीत जातो. फरक एवढाच, की त्याची साखळी मेलेली नसते, झोपलेली असते. जागी व्हायला कधी कधी महिनोन्‌महिने लागतात. आमच्या शाळेतल्या एका मावशींच्या बाबतीत मला हा संशय आला. मी त्यांना पुडीसकट डॉक्टरांकडे नेलं. एकदम बंद करू दिलं नाही, हळूहळू उतरवत आणलं.

१०. सगळं भरून काढता येतं असं नाही, आणि सगळं भरून काढावंच असंही नाही

पाळीच्या गोळ्या मी पन्नाशीजवळ येईपर्यंत घेतल्या, मुख्यतः हाडांसाठी. त्याआधीच्या वर्षांत नवऱ्याजवळ जायची इच्छाच मेली होती, आणि ती संप्रेरकांची गोष्ट आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. त्यावर आम्ही एकमेकांशी काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही. वाढीचं संप्रेरक मोठ्या माणसालाही लागतं, स्नायूंसाठी, उत्साहासाठी. ते रोजचं इंजेक्शन आहे आणि महाग आहे. डॉक्टर दर वर्षी विचारतात. मी महिन्याचा खर्च काढते, मुलाच्या फीशेजारी मांडते, आणि म्हणते, यंदा नको.